थेम्सकाठच्या गावाचे भूत मुंबईत बसून कसे तपासावे

इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या काठी वसलेल्या जुन्या गावांपैकी बहुतेकांना नदीलगतचे एक चर्च, एखादा मोठा वाडा आणि त्या वाड्यात वावरणारे एखादे भूत लाभलेले असते. स्लाऊ, रेडिंग किंवा हाउन्स्लो येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे काही महिने राहायला जाणारे दादर-ठाण्याचे आईवडील अशा गावांतून हमखास फिरून येतात, आणि माहितीफलकावरची भुताची गोष्ट मोबाईलमध्ये टिपून घेऊन इकडे नातेवाइकांना सांगतात. ती गोष्ट नुसती ऐकून सोडून न देता तिचा माग कसा काढावा आणि त्या निमित्ताने गावाचा खरा इतिहास कसा हाती लावावा, हे या लेखात सांगायचे आहे. या कामापैकी बराचसा भाग परळच्या किंवा बोरिवलीच्या घरात बसून, जवळजवळ फुकट करता येतो.

सुरुवातीलाच एक नियम मनाशी पक्का करावा. भूत कोणत्या शतकातले आहे याला पहिल्या टप्प्यावर फारसे महत्त्व देऊ नये. ती गोष्ट पहिल्यांदा केव्हा लिहिली किंवा छापली गेली, हे आधी शोधावे. सोळाव्या शतकातल्या बाईचे भूत एकोणिसाव्या शतकातल्या छापखान्यात जन्माला आलेले असू शकते, आणि तसे असेल तर ती गोष्ट आपल्याला बाईपेक्षा एकोणिसाव्या शतकाबद्दल अधिक सांगत असते.

गाव कोणते घ्यावे

ज्या गावाबद्दल केवळ एकच चमत्कारिक गोष्ट सापडते आणि बाकी कागद काहीच नाही, असे गाव नवख्याने घेऊ नये. जिथे चर्चमधली थडगी शाबूत आहेत, वाड्याच्या मालकांची साखळी ठाऊक आहे आणि गोष्टीतल्या व्यक्तीचे नाव इतिहासात इतरत्रही येते, असे गाव घ्यावे. या लेखात उदाहरण म्हणून बार्कशर परगण्यातले बिशम हे गाव घेतले आहे. ते मार्लो या छोट्या शहरासमोर, थेम्सच्या दक्षिण काठावर आहे. तिथली जागा प्रथम नाइट्स टेम्पलर या लढवय्या संन्याशांची होती. त्यांचा पंथ मोडल्यानंतर १३३७ मध्ये सॅलिसबरीच्या अर्लने तिथे ऑगस्टिनियन मठ स्थापला. आठव्या हेन्रीने देशभरचे मठ बरखास्त केले तेव्हा तोही १५३८ पर्यंत संपला आणि पुढे ती मालमत्ता राजाची घटस्फोटित पत्नी अ‍ॅन ऑफ क्लीव्ज हिच्या हातून होबी घराण्याकडे आली. आज त्या वाड्यात राष्ट्रीय क्रीडा केंद्र आहे. ज्या आवारात टेम्पलर राहत होते, तिथे आता खेळाडूंचे सराव चालतात.

बिशमचे भूत म्हणजे लेडी एलिझाबेथ होबी. प्रचलित गोष्ट अशी की तिचा विल्यम नावाचा धाकटा मुलगा लिहिताना सतत शाईचे डाग पाडायचा, त्यामुळे संतापून तिने त्याला इतके मारले की तो मेला; तेव्हापासून ती वाड्यात फिरते आणि तिच्यापुढे हवेत तरंगत चालणाऱ्या एका पसरट भांड्यात हात धूत राहते, पण रक्त काही निघत नाही.

पाठभेद लावणे

ज्ञानेश्वरीच्या पोथ्या लावताना अभ्यासक पाठभेद मांडतात, तेच काम इथे करायचे आहे. एक फुलस्केप कागद आडवा धरून त्यावर रकाने आखावेत: गोष्ट कुठे छापली, कोणत्या वर्षी, मुलाचे नाव दिले आहे का, मृत्यूचे कारण काय, भुताचे वर्णन कसे, आणि पुरावा म्हणून काय दाखवले आहे. प्रत्येक पाठासाठी एक ओळ. संगणकावर हा तक्ता करायलाही हरकत नाही, मात्र रिकामे चौकोन रिकामेच ठेवावेत. एका पाठातला तपशील दुसऱ्या पाठाच्या ओळीत भरण्याचा मोह होतो आणि तिथेच सगळा घोळ होतो.

बिशमसाठी एक भक्कम ओळ सहज मिळते. जेरोम के. जेरोम यांचे ‘थ्री मेन इन अ बोट’ हे १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक थेम्सवरच्या होडीच्या सहलीचे आहे आणि त्याच्या तेराव्या प्रकरणात हे भूत येऊन जाते. तिथे बाईचे आडनाव ‘होली’ असे छापलेले आहे, तिने लहान मुलाला मारून मारून ठार केले असे म्हटले आहे आणि भुताचे भांडे, भुताचे हात धुणे हेही आहे. मात्र मुलाचे नाव नाही, शाईचे डाग नाहीत आणि वह्याही नाहीत. म्हणजे १८८९ पर्यंत गोष्टीचा गाभा होडीवाल्या सहलकऱ्यांत रुळलेला होता एवढे निश्चित. बाकीचे तपशील जेरोमला माहीत नव्हते की त्याने गाळले, याचा निर्णय त्या एका पुस्तकावरून करता येत नाही. न सापडलेली गोष्ट म्हणजे नसलेली गोष्ट, असे लिहिण्याची घाई अभ्यासाला मारक ठरते.

दुसऱ्या पाठात वह्या येतात. १८४० च्या सुमारास वाड्याची दुरुस्ती चालू असताना कामगारांना जमिनीच्या फळ्यांखाली शाईच्या डागांनी भरलेल्या जुन्या गिरवण्याच्या वह्या सापडल्या, असे सांगतात. आणि त्याच गोष्टीत पुढे असेही येते की त्या वह्या नंतर गहाळ झाल्या. इथे वाचकाने थांबावे. पुरावा सापडला आणि लगेच हरवला, ही भुताच्या गोष्टींतली फार जुनी सोय आहे. ती दिसली की तक्त्याच्या पुराव्याच्या रकान्यात ‘सापडला’ असे न लिहिता ‘सापडल्याचे सांगतात’ असे लिहावे.

तिसऱ्या पाठात मारहाण नाहीच. आईने मुलाला धडा पुरा होईपर्यंत खोलीत कोंडले, तेवढ्यात राणीचे विंडसरहून बोलावणे आले, ती घोड्यावर बसून निघून गेली आणि परत आली तेव्हा मुलगा मेलेला होता. हा पाठ मला अधिक बेतलेला वाटतो. विंडसर इथून जवळ आहे आणि राणी एलिझाबेथ १५९२ मध्ये बिशमला खरोखरच येऊन गेली होती. ओळखीचे राजघराणे गोष्टीत आणले की गोष्टीला वजन येते. चौथा पाठ पुढे वाड्याचे मालक झालेल्या व्हॅन्सिटार्ट घराण्यातल्या एका नौदल अधिकाऱ्याच्या नावावर सांगितला जातो: रात्री त्याला ती बाई शेजारी उभी दिसली, त्याने वर पाहिले तर भिंतीवरच्या तिच्या तसबिरीची चौकट रिकामी होती.

गोष्टीतल्या वस्तूंवरून तारीख

भुताच्या गोष्टीची तारीख काढण्याचे सर्वांत हुकमी साधन म्हणजे तिच्यातल्या वस्तू आणि उपमा. लेडी होबीच्या भुताचे वर्णन अनेक ठिकाणी फोटोच्या निगेटिव्हसारखे असे केलेले आढळते: तसबिरीत ज्या जागा काळ्या त्या भुतात पांढऱ्या, आणि चेहरा व हात काळे. आता छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला आणि कागदी निगेटिव्हवरून छापे काढण्याच्या पद्धतीचे पेटंट टॅल्बटने १८४१ मध्ये घेतले. म्हणजे निगेटिव्हची उपमा असलेला कोणताही पाठ, त्याच्या आत कितीही जुना ऐवज असो, त्या रूपात १८४० च्या आधीचा असूच शकत नाही. उपमेची तारीख लागली म्हणजे अनुभवाची तारीख लागली असे मात्र समजू नये. काळा चेहरा आणि पांढरे कपडे पाहिल्याचे कोणी आधीही म्हटले असेल. निगेटिव्ह हा शब्द त्यावर नंतर चिकटला असेल. तक्त्यात या दोन बाबी वेगवेगळ्या नोंदवाव्यात.

याच पद्धतीने गोष्टीतल्या दिव्यांकडे, रस्त्यांकडे, पुलांकडे आणि वाहनांकडे पाहावे. मार्लोचा झुलता पूल विल्यम टिअर्नी क्लार्कने बांधला आणि तो १८३२ मध्ये पुरा झाला. त्यानंतर याच अभियंत्याने बुडापेस्टचा साखळी पूल केला. कोणी बिशमच्या भुताला या पुलावरून चालवत असेल, तर तारखेची एक बाजू आपोआप बांधली जाते.

नोंदवह्या वाचण्याची रीत

आता माणसांकडे. इंग्लंडमध्ये प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी, असा आदेश थॉमस क्रॉमवेलने १५३८ मध्ये काढला. जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली. जनगणना १८०१ पासून दर दहा वर्षांनी झाली, पण घरातल्या माणसांची नावे सर्वसाधारणपणे १८४१ पासूनच मिळतात. १९३१ च्या इंग्लंड आणि वेल्सच्या जनगणनेचे कागद आगीत नष्ट झाले आणि युद्धामुळे १९४१ ची जनगणना झालीच नाही. जनगणनेचे कागद शंभर वर्षे बंद राहतात, म्हणून १९२१ चे कागद २०२२ मध्ये खुले झाले. चर्चच्या नोंदींच्या सूची ‘फॅमिलीसर्च’ या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडून पाहता येतात, परगण्यांचे जुने इतिहास ‘ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन’ येथे वाचता येतात, आणि बिशमचे प्रकरण व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरीच्या बार्कशरविषयक तिसऱ्या खंडात आहे, जो १९२३ मध्ये निघाला. मुळारंभ तिथून करावा, कारण मालकांची साखळी तिथे आयती लागलेली असते.

नोंदी पाहताना तीन खाचखळगे आपल्याकडच्या वाचकाला हमखास आडवे येतात. पहिला कालगणनेचा. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे एखाद्या जुन्या वहीत फेब्रुवारी १६०८ अशी नोंद असेल तर आपल्या हिशेबाने ते १६०९ असते. मुलगा आईवडिलांच्या लग्नाआधी जन्मला, किंवा मृत्यूनंतर दोन महिन्यांनी त्याचा बाप्तिस्मा झाला, असले ‘रहस्य’ सापडले तर भुताकडे जाण्याआधी पंचांगाकडे जावे. दुसरा खळगा भाषेचा. काही नोंदी लॅटिनमध्ये असतात आणि तिथे विल्यमचा गुलिएल्मस, जेम्सचा जेकोबस आणि जॉनचा जोहान्नीस होतो. सूचीत फक्त विल्यम असा शोध घेऊन ‘सापडला नाही’ म्हणणे धोक्याचे आहे. तिसरा खळगा अक्षराचा. सोळाव्या शतकातल्या इंग्रजी हस्ताक्षरात ‘एस’ अनेकदा लांब दांडीचा असतो आणि तो ‘एफ’सारखा दिसतो, ‘ई’ उलटा पडल्यासारखा असतो, ‘आय’ आणि ‘जे’ यांत भेद नसतो. मोडी वाचता येणाऱ्यांना या कामाची भीती वाटण्याचे कारण नाही. ओळखीच्या एका शब्दावरून लेखनिकाची वळणे बसवायची आणि मग अनोळखी शब्दाकडे जायचे, ही तालीम त्यांना आधीच झालेली असते.

लेडी होबीच्या बाबतीत नोंदींचा निकाल बराच स्पष्ट लागतो. ती सर अँथनी कुक यांची मुलगी. तिचे पहिले लग्न सर थॉमस होबी यांच्याशी १५५८ मध्ये झाले. थॉमस फ्रान्समध्ये राजदूत असताना १५६६ मध्ये पॅरिसला वारले, तेव्हा ती गरोदर होती. पतीचे शव घेऊन ती बिशमला आली आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव थॉमस पोस्थुमस असे ठेवले गेले. थोरला मुलगा एडवर्ड पुढे मानमरातब मिळवून १६१७ मध्ये वारला, पोस्थुमस १६४० पर्यंत जगला. एलिझाबेथ आणि अ‍ॅन या दोन मुली १५७१ मध्ये लहानपणीच गेल्या. दुसरे लग्न लॉर्ड जॉन रसेल यांच्याशी झाले. त्यांच्यापासून दोन मुली झाल्या आणि फ्रान्सिस नावाचा एक मुलगा, जो तान्हा असतानाच गेला. या यादीत विल्यम नाही. तान्ही मुले नोंदीतून निसटतात हे खरे, पण गिरवण्याची वही हातात घेण्याइतका मोठा झालेला, एवढ्या नामांकित घरातला मुलगा कुठल्याही थडग्यावर किंवा कागदावर नसणे, हे मात्र चमत्कारिक आहे. ‘विल्यम होबी नावाचा मुलगा होता याला आधार मिळत नाही’, असे वाक्य लिहावे. ‘गोष्ट खोटी आहे’ असे लिहू नये, कारण गोष्ट म्हणून ती खरीच आहे, म्हणजे लोक ती सांगत आले आहेत.

हीच बाई का

इथपर्यंतचे काम चिकाटीचे आहे, यापुढचे विचाराचे. बिशमच्या वाड्यात शेकडो माणसे राहिली आणि मेली. इतिहासात ‘किंगमेकर’ म्हणून गाजलेला वॉरिकचा अर्ल १४७१ मध्ये लढाईत मारला गेल्यावर याच मठात पुरला गेला. भूत होण्यासाठी त्याच्याइतका लायक उमेदवार दुसरा नसेल. असे असताना गावाने एका विधवेला का निवडले, हा प्रश्न प्रत्येक गोष्टीला विचारावा.

लेडी होबी तिच्या काळातली अत्यंत शिकलेली स्त्री होती. नवऱ्याच्या आणि मुलांच्या थडग्यांवरचे लॅटिन व ग्रीक शोकलेख तिने स्वतः रचले, आणि धर्मशास्त्रावरचा तिने केलेला एक अनुवाद १६०५ मध्ये छापला गेला. ती भांडखोरही होती: लंडनमध्ये ब्लॅकफ्रायर्सला घराशेजारी नाटकगृह होऊ घातले तेव्हा १५९६ मध्ये तिने शेजाऱ्यांच्या सह्यांचा विरोधअर्ज सरकारदरबारी नेला, आणि त्या नाटकगृहामागे शेक्सपिअरची मंडळी होती. विद्वत्तेचा आणि शिस्तीचा लौकिक असलेल्या स्त्रीला मृत्यूनंतर मुलाच्या हस्ताक्षरावरून मारेकरी ठरवणे, यात मला एक विशिष्ट प्रकारचा आकस दिसतो. अशिक्षित आईबद्दल ही गोष्ट रचलीच गेली नसती. शिवाय चर्चमध्ये तिचे स्मारक आहे आणि त्यात ती मुलांसह गुडघे टेकून बसलेली आहे. मुलांमध्ये गुडघे टेकलेली आई पिढ्यानपिढ्या दर रविवारी पाहणाऱ्या गावाला तिच्या पश्चात्तापाची गोष्ट सुचणे अशक्य नाही. हा माझा तर्क आहे आणि लिहिताना तो तर्क म्हणूनच लिहावा.

मराठी वाचकाने इथे एक पथ्य पाळावे. लेडी होबीला हडळ किंवा जखीण ठरवून मोकळे होऊ नये. आपल्याकडे मुंजा, समंध, अलवंतीण या वर्गवारीत मृत्यूच्या वेळी काय राहून गेले, कोणता संस्कार झाला नाही, इच्छा कुठे अडकली, याला महत्त्व असते, आणि उतारा किंवा क्रियाकर्म हा त्यावरचा उपाय असतो. इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेनंतर अधिकृत शिकवणुकीने मृतात्म्यांच्या शुद्धीसाठीची मधली जागाच नाकारली, त्यामुळे आत्मा परत येण्याला धर्माची मान्यता उरली नाही. लोकांनी भुते पाहणे थांबवले नाही, मात्र त्या भुतांसाठी करण्यासारखा विधी शिल्लक राहिला नाही. लेडी होबी शतकानुशतके हात धूतच राहते, तिला कोणी सोडवत नाही, यामागे हेही एक कारण असावे.

बिशमला शापाचीही गोष्ट आहे: मठ हिरावून घेणाऱ्यांच्या घरात बापाकडून मुलाकडे वारसा सरळ चालणार नाही, असे मठातल्या साधूने म्हटल्याचे सांगतात. अशी गोष्ट ऐकल्यावर तीच देशभर किती ठिकाणी आहे ते पाहावे. सर हेन्री स्पेलमन यांनी सतराव्या शतकात मठांच्या जमिनी घेतलेल्या घराण्यांवर कोसळलेल्या आपत्तींची जंत्रीच केली होती आणि ती १६९८ मध्ये छापली गेली. त्यामुळे शाप हा बिशमचा खास ऐवज धरू नये.

नदी आणि रेल्वे

गोष्ट पसरली कशी याचे उत्तर अनेकदा वाहतुकीत असते. लंडनहून मेडनहेडपर्यंत रेल्वे १८३८ मध्ये आली आणि मार्लोला जाणारा फाटा १८७३ मध्ये सुरू झाला. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी होड्या भाड्याने घेऊन नदीवर फिरणाऱ्यांची गर्दी वाढली, त्यांच्यासाठी मार्गदर्शिका निघाल्या, आणि काठावरच्या प्रत्येक वाड्याला सांगण्यासारखे काहीतरी लागू लागले. भुताचा छापील पाठ रेल्वेच्या आधीचा आहे की नंतरचा, हे म्हणूनच पाहायचे.

नकाशे पाहणे हा या अभ्यासातला सर्वांत आनंदाचा भाग आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने विनामूल्य पाहण्यासाठी ठेवले आहेत, त्यात इंग्लंडचेही आहेत. मैलाला सहा इंच या प्रमाणाचा नकाशा आधी उघडावा, मग पंचवीस इंची. गोष्टीत ज्या वाटेवर भूत चालते ती वाट त्या काळी होती का, बंधारा आणि जलपाश (होड्या वरच्या-खालच्या पातळीवर नेण्याची दारांची कोंडी) कुठे होते, नावाड्याचा धक्का कुठे होता, हे बोट ठेवून पाहता येते. आजचा नकाशा अर्धपारदर्शक करून जुन्यावर ठेवण्याची सोयही तिथे आहे. थेम्सच्या पुरांची वर्षेही बाजूला टिपून ठेवावीत. नोव्हेंबर १८९४ आणि मार्च १९४७ हे दोन मोठे पूर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस आणि फुगलेली मिठी पाहिलेल्या मुंबईकराला पुरात तळमजल्यावरचे कागद कसे जातात हे वेगळे सांगायला नको.

इंटरनेटवर नसलेल्या कागदासाठी रेडिंग येथील बार्कशरच्या अभिलेखागाराला पत्र लिहावे. ‘मला बिशमच्या भुताची सर्व माहिती पाठवा’ असे पत्र कुठल्याही दफ्तरखान्याला त्रासदायक असते. एकच प्रश्न विचारावा, त्यात व्यक्तीचे नाव, वर्षांचा पल्ला आणि आपण आधी काय पाहिले आहे ते द्यावे. फोन करायचा असेल तर तिथले सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच, हे ध्यानात ठेवावे.

प्रत्यक्ष गेल्यास

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून मेडनहेड, तिथून फाट्यावरच्या गाडीने मार्लो, आणि मग पूल ओलांडून पायी, असा मार्ग सोपा आहे. मात्र पूल ओलांडण्याआधी मार्लोच्या बाजूने नदीकाठची पायवाट धरून वरच्या अंगाला थोडे चालावे, कारण बिशमचे चर्च आणि वाडा समोरच्या काठावरूनच नीट दिसतात. चर्चचा मनोरा बाराव्या शतकातला आहे आणि आवार थेट पाण्यापर्यंत उतरते. आत सर थॉमस आणि त्यांचे भाऊ सर फिलिप या होबी बंधूंची संगमरवरासारख्या अ‍ॅलाबास्टर दगडातली निजलेली शिल्पे, लेडी होबीचे स्मारक, आणि एडवर्डची पत्नी मार्गारेट हिच्या स्मृत्यर्थ उभारलेला, पायथ्याशी हंस असलेला स्तंभ पाहावा. लेखांचे फोटो तिरप्या उजेडात, एका बाजूने घ्यावेत. समोरून फ्लॅश मारला की अक्षरे सपाट होऊन वाचता येत नाहीत. दगडावर खडू किंवा पाणी लावू नये. चर्च उघडे आहे का हे आधी पाहून घ्यावे, प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबावे, आणि रात्री भूत पाहायला जाण्याचा विचार सोडून द्यावा. वाडा चालू संस्थेचा आहे आणि अंधारात नदीकाठ धोक्याचा आहे.

हीच पद्धत माहीमला

ज्यांना विलायतेला जायचे नाही त्यांनी हा तक्ता घेऊन खाडीकाठच्या आपल्या गावठाणांत उतरावे. माहीमच्या खाडीवरच्या एखाद्या गोष्टीत पूल असेल, तर ती त्या रूपात १८४५ च्या आधीची नाही, कारण लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून झालेला माहीमचा कॉजवे त्या वर्षी खुला झाला आणि त्याआधी लोक होडीने खाडी ओलांडत. आगगाडीची शिटी असेल तर १८५३ नंतरची. गिरणीचा भोंगा असेल तर त्याहून पुढची. गावठाणातल्या क्रॉसपाशी काही दिसल्याची गोष्ट असेल तर क्रॉसवरचे वर्ष वाचावे. मुंबईतले अनेक क्रॉस १८९६ पासूनच्या प्लेगच्या साथीत उभारले गेले, आणि त्या गोष्टीखाली साथीत गेलेल्यांची आठवण असू शकते. लेखी साधनांसाठी गोविंद नारायण माडगावकरांचे १८६३ चे ‘मुंबईचे वर्णन’, १९०९-१० चे मुंबई शहराचे तीन खंडी गॅझेटिअर, दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि काळा घोड्याजवळचे राज्य पुराभिलेखागार ही ठिकाणे धरावीत.

मुंबईत मात्र एक मोठी सोय आहे जी बिशमच्या बाबतीत आपल्याला नाही: सांगणारी माणसे हयात आहेत. वरळी किंवा वेसाव्याच्या कोळीवाड्यात गेल्यावर भुताचा विषय पहिल्या भेटीत काढू नये. मासळी, होड्या, जुनी घरे यांबद्दल आधी बोलावे. मग ‘आजी, ही गोष्ट तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितली? तेव्हा तुम्ही केवढ्या होता? ती बाई नेमकी कुठे दिसायची, ते घर अजून आहे का?’ एवढेच विचारावे. ‘तुमचा विश्वास आहे का’ हा प्रश्न विचारू नये. त्यावर माणूस एकतर गप्प होतो किंवा पाहुण्याला आवडेल ते सांगतो. परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे, बोली आहे तशी उतरवावी, आणि गोष्टीतली मृत व्यक्ती कोणाची तरी आत्या किंवा सून असेल तर नाव आणि घर लेखात येऊ देऊ नये. चारशे वर्षांपूर्वीच्या उमराव बाईबद्दल जे मोकळेपणाने लिहिता येते, ते शेजारच्या आळीतल्या बाईबद्दल लिहिता येत नाही.

लिहून काढताना

लेखाचा क्रम असा ठेवावा: आधी गोष्ट, तिच्या सर्वांत जुन्या पाठात आणि शक्यतो त्याच शब्दांच्या जवळ राहून, मग पाठभेद, वर्षांच्या क्रमाने, मग नोंदी, आणि आपले मत सर्वांत शेवटी, वेगळ्या परिच्छेदात. ‘असे छापले आहे’, ‘असे सांगतात’ आणि ‘मला असे वाटते’ ही तीन क्रियापदे एकमेकांत मिसळू देऊ नयेत. कच्च्या खर्ड्यात ती तीन रंगांच्या पेनांनी अधोरेखित केली की कुठे मिसळली आहेत ते पटकन दिसते. कोजागरीच्या रात्री गच्चीवर हे वाचून दाखवायचे असेल तर पाठभेदांचा भाग निम्मा करावा आणि निगेटिव्हचा मुद्दा ठेवावा, कारण ऐकणाऱ्यांना तो लगेच कळतो. पाठभेदांचा तक्ता मात्र लेखासोबत जपून ठेवावा आणि त्याच्या शेवटी पाच-सहा ओळी कोऱ्या सोडाव्यात. जुनी वर्तमानपत्रे नव्याने शोधण्याजोगी होत असतात, आणि १८८९ च्या आधीचा एखादा छापील पाठ हाती आला तर तो तिथेच चढवता येतो.